मारोतरावांचा बटाटा

कॅम्प-१ या कामगार वस्तीत कुणाचा डोळा लाल झाला की तो आधी मारोतरावांच्या ओट्यावर यायचा, दवाखान्याचं नाव नंतर निघायचं. मारोतरावांनी सारी उमर प्लांटमध्ये वेल्डिंग केलं. वेल्डिंगच्या झगझगाटाने डोळे भाजतात, वाळू गेल्यासारखे खुपतात. त्याला तिथे 'आर्क लागला' म्हणतात. त्यावर मारोतरावांचा इलाज एकच, बटाट्याची गार चकती. डोळे एक-दोन दिवसांत आपसूकच निवायचे आणि श्रेय मात्र बटाटा घेऊन जायचा. होता होता जगातला प्रत्येक लाल डोळा आर्कानेच लाल होतो, अशी म्हाताऱ्याची पक्की समजूत झाली.

नात दामिनीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. अंतरपाटाचं एक टोक आपले आजोबा, आबाजी, धरणार, हे तिने लहानपणीच ठरवून टाकलेलं. त्या हौसेपायी मारोतराव मांडवाचे लोखंडी पाइप स्वतःच वेल्डिंगने जोडायला बसले. दुसऱ्या दिवशी उजवी पापणी सुजली.

"आर्क लागला," असं जाहीर करून ते बटाटा ठेवून आडवे झाले. सकाळी पाहावं तर पापणी पुरीसारखी टम्म, लालबुंद, हात लावावा तर गरम. अंगातही ताप होता.

"बाबा, दवाखान्यात चला," मुलगा कमलेश म्हणाला.

"भरती करून घेतीन मले. मंग अंतरपाट कोन धरन? तू?"

एवढा आडदांड माणूस, पण मनातून पार घाबरला होता. डोळ्याची नव्हे, लग्न हुकायची भीती होती ती.

त्यांची बायको कौशल्या लग्नाचे तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती उठली, नवऱ्याच्या डोळ्यावरची चकती उचलली आणि उलटसुलट करून पाहिली.

"इतकी वर्सं तुमाले चकत्या कापून देऊन राहिली मी. दर खेपेले जोडीनं कापल्या. यंदा एकच कावून मांगतली?"

मारोतरावांनी कूस बदलली.

"आर्क काय एक डोळा निवडून लागते? आन् आर्कानं ताप कधी आला तुमाले? भुवईतली पुटकुळी नखानं फोडली तुमी परवा. मले काय दिसत नाही?"

दामिनीने स्कूटी काढली. "आबाजी, चलो. तुम्ही नाही, तर अंतरपाट पन नाही."

हुडको वसाहतीतल्या डॉक्टरीणबाईंनी पापणी हळूच उचलली. मान न हलवता वर, खाली, दोन्ही बाजूंना बघायला लावलं. चांगला डोळा झाकून सुजलेल्या डोळ्याने भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. डोळा पुढे आलाय का, तेही बाजूने पाहिलं. मग त्या म्हणाल्या, पुटकुळीतून जंतू शिरलेत, पण ते पापणीतच आहेत, आत पोचले नाहीत. डोळा फिरवताना दुखलं असतं, धूसर किंवा दोन-दोन दिसलं असतं, तर आत्ताच भरती केलं असतं, कारण मग नजरेवर बेततं. त्यांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, बरं वाटलं तरी सगळ्या संपवायला बजावलं. उद्या पुन्हा दाखवा, आणि यातलं काही झालं तर उद्याचीही वाट पाहू नका, म्हणाल्या.

"आन् बटाटा?" मारोतरावांनी विचारून घेतलं.

"भाजीत घाला," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. त्यानंतर सूजही ओसरत गेली. कौशल्या गोळी हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही.

लग्नात मारोतरावांनी अंतरपाट असा ताणून धरला की भटजींना "जरा ढील द्या" म्हणावं लागलं. मंगलाष्टकं चालू असताना ते दोन्ही डोळ्यांनी नातीकडेच बघत होते, आणि आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

पाठवणीच्या वेळी मात्र गाडी वळणाआड गेली तरी ते तिथेच उभे राहिले. कमलेश जवळ आला, तोंडाकडे पाहून चरकला. "आई, बाबाचा डोळा पुन्हा लाल झाला."

कौशल्याने लांबूनच पाहिलं.

"दोन्ही हायेत ना लाल? मंग राहू दे," ती म्हणाली, आणि पदराने आपलेही डोळे पुसले.