मालकिणीची परवानगी

आमच्या जावईबापूंचा धंदा घरं हलवण्याचा. लोक एका घरातून दुसऱ्या घरात राहायला निघाले की त्यांचा संसार उचलायचा, ट्रकमध्ये भरायचा आणि पलीकडे नेऊन मांडायचा. आमच्या घराण्यात आजवर सगळे बसून काम करणारे. कारकून, मास्तर, आणि शेवटी मी, ज्याच्या लिहीत बसण्याला काम म्हणावं की नुसतं बसणं, यावर घरात अजून एकमत नाही. अशा घरात तीन दारांचं कपाट पाठीवर घेऊन जिन्याच्या वळणावर अगदी घरगुती आवाजात 'जरा बाजूला होता का?' म्हणणारा माणूस जावई म्हणून आला, तेव्हा आम्ही सगळेच जरा बाजूला झालो.

माणूस केवढा, तर दारातून आत येताना चौकटीनेच अंग चोरावं एवढा. आणि आवाज केवढा, तर शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय असं कुणीतरी सांगून ठेवल्यासारखा. बोलणं त्याहून कमी. रिकामा कप हातात आला, वर्तमानपत्र वाचून झालं, पाहुण्याची छत्री सापडली, प्रत्येक वेळी त्यांचा एकच प्रश्न, 'कुठे ठेवू?' लग्नाआधी माझ्या आईने त्यांना स्वभावाबद्दल बरंच विचारून पाहिलं. अर्ध्या तासाने तिच्या हाती लागलं ते एवढंच, की मधलं टेबल खिडकीकडे सरकवलं तर खोली मोठी दिसेल. ते सरकवलं. खोली मोठी दिसायला लागली. आईने होकार दिला.

माझ्या धाकट्या बहिणीचं हे दुसरं लग्न. पहिला संसार लवकरच विस्कटला, आणि तिचं सामान माहेरी आणायला जो ट्रक आला होता त्याच्याबरोबरच हे आले होते. त्या दिवशी बहीण एका खुर्चीवर महिन्याभराचं बाळ घेऊन बसली होती आणि तिच्याभोवतीचं घर एकेक करून बाहेर चाललं होतं. ती बसलेली खुर्ची तेवढी राहिली. यांनी ती मागितली नाही. ट्रक बाहेर थांबवून ठेवला आणि बाळाचं दूध पिऊन होईपर्यंत जिन्यात उभे राहिले. बहीण सांगते, की माणूस म्हणून त्यांच्याकडे तिने पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

ते बाळ आता अडीच वर्षांचं झालंय. घरात तिला सगळे 'मॅडम' म्हणतात, कारण आलेल्या माणसाकडे ती वरिष्ठ अधिकाऱ्यासारखी बघते. तुमचा अर्ज पोहोचलेला नाही आणि पोहोचला तरी काही होणार नाही, असं तोंडावर स्पष्ट. जावईबापू तर तिला 'अहो-जाहो'च करतात. उलट ती त्यांना 'अहो' म्हणते, कारण तिची आई त्यांना तशीच हाक मारते. अहो हे माणसाचं नावच आहे अशी तिची समजूत आहे. नाव आदराचं असलं तरी पुढचं बोलणं मात्र एकेरी. 'अहो, तू सरक.'

तर अडचण अशी होती. पियानो, लोखंडी तिजोऱ्या, एकदा तर आतल्या माशांसकट काचेची पेटी, असं काय वाटेल ते उचलणाऱ्या या माणसाला घरातलं हे सर्वांत हलकं सामान उचलता येत नव्हतं. मॅडम त्यांच्या शेजारी बसत, त्यांच्याकडून बूट घालून घेत, त्यांच्या ताटातलं खात. पण उचलायला हात पुढे आले, की फळी होत. ताठ, सरळ आणि किंचाळणारी फळी. हात लगेच मागे जात.

आई एकदा म्हणालीच, "जावईबापू, सरळ उचला हो. रडेल चार दिवस, मग होईल सवय."

"नाही आई. मालकाने सांगितल्याशिवाय सामानाला हात लावायचा नाही, असं असतं आमच्यात."

"आता इथे मालक कोण?"

"त्याच," म्हणून त्यांनी जमिनीवर बसून बिस्किटाचे तुकडे ओळीत लावणाऱ्या मालकिणीकडे बोट दाखवलं.

लग्नाला सहा महिने झाले तरी परवानगी आली नव्हती. ते तक्रार करत नसत. पण बहीण मला म्हणाली, "दादा, ती झोपली की पलंगापाशी जाऊन उभे राहतात. दोन्ही हात मागे बांधून. संग्रहालयात 'हात लावू नये' लिहिलेलं असतं ना, तसे." बोलताना हसली, पण नंतर बराच वेळ तीच ती चादर घडी करत राहिली.

मग सुट्ट्या आल्या. बहिणीने थीम पार्कची तिकिटं आधीच काढली होती, आणि ती जिथे रक्त तपासायचं काम करते त्या प्रयोगशाळेने ऐन वेळी तिची सुट्टी रद्द केली. तिने मला फोन केला.

"दादा, तू जा त्यांच्याबरोबर."

"मी कशाला? जावईबापू आहेत की."

"ते आहेत रे. पण दिवसभराची गर्दी. तिला उचलणार कोण?"

अशा रीतीने, घरं हलवणाऱ्या पेशातल्या माणसाबरोबर उचलण्याच्या कामासाठी मला पाठवण्यात आलं. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी बढती.

सुट्टीत पार्कला जायची कल्पना फक्त आपल्यालाच सुचली, अशा समजुतीने निघालेली हजारो माणसं फाटकाशी एकमेकांकडे रागाने बघत उभी होती. आत गेल्यावर कळलं, की पार्क म्हणजे मुख्यतः रांगा. दोन रांगांच्या मध्ये कुठेतरी एखादा पाळणा असतो, तो रांग संपली हे कळावं म्हणून. आमच्याकडे बाबागाडी होती. तिच्यात मॅडम सोडून सगळं होतं. मॅडम माझ्या कडेवर होत्या आणि वरून गर्दीची पाहणी करत होत्या.

"अहो, पाणी," त्या रांगेत मोठ्याने म्हणाल्या. पुढचे चार नवरे दचकून पिशव्या चाचपायला लागले.

सगळ्यात आधी आम्ही कपांत बसलो. माणसांना मोठमोठ्या चहाच्या कपांत बसवून ढवळतात. आपण तिकीट काढून साखर व्हायचं, एवढाच त्यातला आनंद. मॅडम खूश झाल्या. मी मॅडमना घेऊन कपाबाहेर पाऊल टाकलं आणि माझ्या कमरेला कुणीतरी आतून कुलूप लावलं. मॅडमना कसंबसं खाली उतरवलं आणि स्वतः काटकोनात राहिलो. जावईबापूंनी मला परवानगी विचारली नाही. दंडाला धरून त्यांनी मला जवळच्या बाकावर आणलं, कोणत्या अंगावर बसवलं तर दुखणार नाही ते पाहिलं आणि तसं ठेवलं. त्यांचा हात लागला तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की लोक आपली काचेची भांडी त्यांच्या भरवशावर का सोडून जातात.

म्हणजे आता परिस्थिती अशी, की उचलण्यासाठी आणलेला माणूस बाकावर, उचलू शकणाऱ्या माणसाला मनाई, आणि मॅडम जमिनीवर. चहूबाजूंनी लोकांचे गुडघे.

"बहिणीला फोन करू का?" मी म्हणालो.

"कशाला? त्यांना काळजी," ते म्हणाले आणि मॅडमच्या मागे निघाले. तिला धरलं नाही, अडवलं नाही. दोन्ही हात जरा फाकवून, तिच्या वेगाने, वाकून. अरुंद बोळातून आरसा नेतात तसे.

मॅडमना बाकाजवळच एक बेडूक सापडला होता. हिरवा, मोठा, तोंड उघडं. मुलांनी कचरा आनंदाने टाकावा म्हणून कुणीतरी तो केला होता, आणि त्या माणसाला अडीच वर्षांच्या मुलांची काहीच माहिती नसावी. मॅडमनी बेडकाला आधी बिस्किटाचा कागद दिला. मग बिस्किट दिलं. मग खाली बसून शांतपणे उजव्या पायातला बूट काढला आणि तोही दिला.

थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. "दे," त्या बेडकाला म्हणाल्या. बेडकाने ऐकलं नाही. खालचा ओठ बाहेर यायला लागला.

जावईबापूंनी बाही वर केली आणि बेडकाच्या घशात खांद्यापर्यंत हात घातला. आतलं काय काय त्यांच्या हाताला लागलं असेल ते देव जाणे. आसपासचे लोक थांबून बघायला लागले. एक आजोबा नातवाला म्हणाले, "बघ, दंगा केला की कुठे हात घालावा लागतो." बऱ्याच वेळाने हात बाहेर आला आणि त्यात बूट होता. त्यांनी तो रुमालाने पुसला, आतला आईस्क्रीमचा चमचा काढून टाकला आणि दोन्ही हातांनी मॅडमसमोर धरला.

मॅडमनी बूट पाहिला. बेडूक पाहिला. मग जावईबापूंना पाहिलं, आणि तो अर्ज शेवटी पोहोचल्याची खूण पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर मला दिसली.

"अहो, धर." बूट परत त्यांच्याकडे आला.

त्यांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला.

"दे."

त्यांनी काढून दिला.

"धर."

पुढचा तासभर थीम पार्कमध्ये आम्ही काय पाहिलं म्हणाल तर हे. बूट, मोजा, पाण्याची बाटली, कापडी हत्ती, एक वाळकं पान, माझा चष्मा. सगळं त्यांना दिलं जाई आणि जरा वेळाने परत मागितलं जाई. बूट मागितला तर बूट, पान मागितलं तर तेच पान, देठही न मोडता. एकदाही ते म्हणाले नाहीत, की पुरे आता, आत्ताच तर दिलंत. मी असतो तर तिसऱ्या फेरीला पान हरवलं असतं, मुद्दाम. आमच्या डोक्यावरून आकाशपाळणे फिरत होते, लोक त्यांतून ओरडत होते, आणि इकडे हा धिप्पाड माणूस उकिडवा बसून एका वाळक्या पानाची पोच देत होता.

तेवढ्यात कर्ण्यांतून घोषणा झाली, की राजकन्या बदकाची मिरवणूक निघाली आहे. सगळे पाळणे, सगळ्या रांगा, सगळी दुकानं एकदम रिकामी झाली आणि ती माणसं आमच्या रस्त्यावर आली. खांद्यावर मुलं, पुढे ढकललेल्या गाड्या, वर धरलेले फोन, आणि नजर सगळ्यांची बदकावर. खाली कुणीच बघत नव्हतं.

"उचला तिला," मी बाकावरून ओरडलो. उठायला गेलो तर कुलूप.

त्यांचे हात पुढे झाले. मॅडम ताठ झाल्या. जेमतेम श्वासभराचा वेळ असेल, पण त्यात त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. या क्षणी उचललं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं, मी तर नाहीच. त्यांनी हात वळवले. तिच्या दोन्ही बाजूंनी नेऊन मिरवणुकीच्या वाटेला लावलेल्या कठड्याचे गज पकडले, गुडघे टेकले आणि पाठ गर्दीकडे केली. त्या दोन हातांच्या आणि एका पाठीच्या मध्ये एक खोली तयार झाली. छोटी, पण चारी बाजूंनी पक्की. लोक येऊन पाठीवर आदळले, पिशव्या घासल्या, कुणाची तरी बाबागाडी पोटरीवर चढली. ते हलले नाहीत. नुसते अधूनमधून, नेहमीच्याच आवाजात, 'जरा बाजूला होता का?'

आत मॅडम गजांतून बदक बघत होत्या. बदक गेलं. गर्दी मात्र अजून रेटत होती. मग त्या वळल्या आणि समोर असलेला तो घामाने भिजलेला मोठा चेहरा अगदी जवळून बघू लागल्या. डाव्या पायातला बूट काढला, त्यांच्या खिशात पहिल्या बुटाशेजारी कोंबला. हत्ती कोंबला. पान कोंबलं. द्यायला आणखी काय आहे ते स्वतःच्या अंगावर शोधलं. काही उरलं नव्हतं.

"अहो, धर."

"काय धरू मॅडम?"

"मला."

हजार माणसं मागून ढकलत असताना हा गृहस्थ विचारतो, "नक्की ना?"

"धर ना," मालकीण वैतागून म्हणाली.

त्यांनी गज सोडले. एक हात खाली, एक हात पाठीशी, कंबर सरळ ठेवून ते गुडघ्यांतून उठले. किती वेळा मी त्यांना असं उठताना पाहिलंय. फक्त या वेळी ओझं वर आल्यावर ते जागच्या जागी थांबले आणि हळूच म्हणाले, "सांभाळून." कुणाला म्हणाले कोण जाणे. दुसरं उचलणारं तिथे कुणी नव्हतं.

बाहेर येईपर्यंत मॅडम झोपल्या होत्या, त्यांची कॉलर मुठीत धरून. मी बाबागाडीचा आधार घेत, तिच्यात बसायचं वय झाल्यासारखा पाठोपाठ चालत होतो. ते थांबले.

"दादा, जमतंय ना? दुसरा खांदा मोकळा आहे. तुम्ही हो म्हणालात तर..."

"मालक नको म्हणतायत," मी म्हणालो.

त्यांच्या घराचं दार बहिणीने उघडलं. तिने आधी माझी कंबर पाहिली, मग त्यांचा खांदा पाहिला, आणि दाराची कडी हातात तशीच धरून राहिली. मग भानावर येऊन म्हणाली, "या ना आत. अंथरूण घालूनच ठेवलंय. ठेवा तिला."

आयुष्यभर 'कुठे ठेवू?' विचारणारा तो माणूस. आज जागा सांगितली होती, तयार होती, चादरसुद्धा पसरलेली होती. ते पलंगापर्यंत गेले आणि उभे राहिले.

"हात अवघडले असतील तुमचे," बहीण म्हणाली.

"छे."

"मग ठेवा की."

"ठेवतो जरा वेळाने," ते म्हणाले. "कुणाला घाई आहे का?"

घाई एकट्या मला होती. पलंग रिकामाच होता, म्हणून मॅडमच्या अंथरुणावर मी आडवा झालो. बाहेरच्या खोलीतून त्यांच्या पावलांचा आवाज येत राहिला, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत.