दत्तूकाकांचं आखात

दत्तूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या एसटी स्टँडवर सिरसाळ्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. चुलतभाऊ म्हणाला, "पेपर वाचता वाचताच गेले." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठलं पान?" तो म्हणाला, "परदेशाचं." दुसरं कुठलं असणार... आता महिना होऊन गेला, तरी परदेशाचं पान आलं की हात थबकतो.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. गावाबाहेरच्या डिझेल पंपाचे मॅनेजर म्हणून त्यांनी जन्म काढला. सकाळी जमिनीखालच्या टाकीत मापाची लांब दांडी सोडायची, किती डिझेल आहे ते बघायचं आणि मग चहाच्या टपरीवर जाऊन जगाच्या बातम्या मोठ्यानं वाचायच्या. काकांनी समुद्र कधी पाहिला नाही, पण आखाताची चिंचोळी वाट त्यांना गावच्या पांदीइतकी ठाऊक होती. "देश लई जोरात वाढायलाय," ते म्हणायचे. "रोज नव्या गाड्या, नवे कारखाने. अन् तेल मातर बहुतेक बाहेरून. नरडं दुसऱ्याच्या हातात ठिवून पळायलोत आपण." लोक त्यांना परराष्ट्रमंत्री म्हणायचे. काकांना ते आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे.

याच आवडीनं एकदा घात केला. आखातात जहाजं अडल्याची बातमी होती. काकांनी ती रंगवून वाचली आणि उठता उठता सहज म्हणाले, "आपल्या टाकीत बी आजच्यापुरतंच हाय." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. टाकी रिकामी होत आली होती ती टँकरची पाळी दुसऱ्या दिवशी होती म्हणून, जसं दर आठवड्याला व्हायचं. पण लोकांनी दोन्हींची गाठ मारली. तासाभरात पंपावर कॅन, पिंपं, घागरीसुद्धा आल्या. दुपारी टाकी खडखडीत झाली. आखातानं केलं नाही ते काकांच्या जिभेनं केलं.

तेवढ्यात ऊसतोडीला निघालेल्या एका टोळीचा ट्रॅक्टर पंपावर आला. दोन ट्रॉल्यांत माणसं, लेकरं, भांडीकुंडी, दोन शेळ्या. वेळेवर पोचले नाहीत तर त्यांना तोडायला ठरलेला उसाचा फड दुसऱ्या टोळीला जाणार होता, म्हणजे अख्खा हंगाम गेला. काका त्यांना आखात समजावून सांगू लागले. बोचक्यावर बसलेल्या चंद्रकला नावाच्या बाईनं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "काका, अरबस्तानात काय बी होऊ द्या. आमाला सांगलीला जायचंय."

काकांनी आखात तिथंच सोडलं. मग एका हातात रिकामा कॅन घेऊन ते गावात निघाले. पहिलं दार आमचंच होतं, कारण सगळ्यात आधी पिंप भरून आणणारे माझे वडील होते. वडील अडून बसले, "मला इंजिन लावून रानाला पाणी द्यायचंय."

"तुझं पाणी उद्या दे, दादा. त्यांचा फड आज चाललाय," काका म्हणाले. "चूक माझी हाय. शिव्या मला दे, डिझेल त्यांना दे."

वडिलांनी दोन्ही दिलं. आमचं पिंप उघडलेलं बघून शेजारच्यांचे कॅन निघाले. ऊन कलायच्या आत ट्रॅक्टर सांगलीच्या वाटेला लागला.

त्यानंतर काका बदलले. बातम्या वाचायचे, पण वाचून झालं की टँकर कधी येणार तेही सांगायचे. आणि स्वतः डिझेल विकणारा हा माणूस शेतकऱ्यांना विहिरीवर सौरपंप बसवा म्हणून मागं लागला. अर्जांसाठी त्यांच्याबरोबर बीडच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालू लागला. पंपाचे मालक वैतागून म्हणाले, "दत्तू, पगार माझा अन् गिऱ्हाईक माझंच तोडायलास?" काकांचं उत्तर मी कानांनी ऐकलंय. "मालक, साठा किती करायचा ते दिल्ली बघंल. लागतं किती, ते तर आपल्या हातात हाय का न्हाई?" आज गावाच्या शिवारात इंजिनाची धडधड क्वचितच ऐकू येते. आमच्याही विहिरीवर सौरपंप आहे, वडिलांनीच बसवलेला.

गेल्या आठवड्यात पुन्हा आखाताची बातमी आली. खरं सांगते, मी घाबरले. दोन रिकामे कॅन जीपमध्ये टाकले आणि पंप गाठला. रांग होती, पण गोंधळ नव्हता. पुढच्या ट्रॅक्टरवाल्याला पंपावरच्या माणसानं विचारलं, "फुल करू?" तो म्हणाला, "न्हाई, रानातून जाऊन यायापुरतं टाका. मागं लोक हायेत." मग वळून त्यानं माझ्या जीपमध्ये पाहिलं.

"ताई, तुमी दत्तूकाकाच्या पुतणी ना?"

मी हो म्हणाले.

"मग हे कॅन कावून आणले?"

 मी शिकवते त्या शाळेत जाण्या-येण्यापुरतं डिझेल घेतलं आणि कॅन रिकामेच घरी आणले. दार लावलं आणि काका गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले.