बाईंनी मला पुढे बसवलं होतं

मी मुंबईत सात वर्षं गाणं शिकलो, पण शेतकऱ्याचं पोर म्हणून बाईंनी मला कधी पुढे बसू दिलं नाही, म्हणून मी परत आलो, असं आमच्या निमगाव सावात आजही सांगतात. हे खोटं आहे, आणि ते पहिल्यांदा मीच सांगितलं.

मी गेलो तेव्हा तिशी ओलांडली होती. गावकीच्या खोलीत पथारी, पहाटे भाजी मार्केटात गाळ्यावर काम आणि दुपारनंतर दादरला बाईंकडे शिकवणी. बाई एकट्या राहायच्या. आवाज असा, की जिन्यात ऐकू आला तरी मी चप्पल हातात घेऊन वर चढायचो. शिकवताना त्यांनी मला ‘चुकलास’ असं कधी म्हटलं नाही. त्या तोच स्वर पुन्हा लावायच्या आणि माझी वाट पाहायच्या. एका धैवतावर मी कितीतरी दिवस अडकलो, तेव्हा त्याही माझ्याबरोबर तिथंच थांबून राहिल्या. कधी हसून म्हणायच्या, “आज कांदा जास्त उतरलेला दिसतोय. षड्जालासुद्धा वास येतोय.”

सातव्या वर्षी एकदा त्यांच्याच घरी बैठक होती. वीसेक माणसं आली होती. बाई स्वतः तंबोरा घेऊन मागे बसल्या आणि मला पुढे केलं. मी विलंबित सुरू केलं. पहिली ओळ म्हटली आणि थांबलो.

भजनात वाढलेल्या माणसाची ही सवय. आमच्याकडे एकानं ओळ टाकायची आणि मागच्या टाळकऱ्यांनी ती उचलायची. ओळ कधी एकट्याची नसते. तिथं कोणीच ती उचलली नाही. तबला चालू राहिला, मी वाट पाहत राहिलो. दुसऱ्या ओळीलाही तेच झालं. कोणीतरी खुसखुसलं. मी उठून स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

माणसं गेल्यावर बाई आत आल्या. “अरे, ते थांबणं वाईट नव्हतं. तिथं कोण येतं याची तू खरीच वाट पाहत होतास. आमच्या गाणाऱ्यांना ते शिकवूनही येत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा बसायचं, मोठ्या हॉलमध्ये.”

मी हो म्हटलं, आणि त्याच आठवड्यात परळच्या स्टँडवर माळशेजमार्गे येणारी एसटी गाठली. कांदे काढायला पंधरा दिवस जातो, असं त्यांना सांगितलं होतं. त्या स्टँडवर आल्या, थालीपिठांचा डबा घेऊन. माझ्या सामानाकडे पाहून म्हणाल्या, “कांदे काढायला वळकटी कशाला रे?”

मी वळकटी उचलून गाडीत चढलो. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाल्या, “थालीपीठ घाट लागायच्या आत खा. घाटात तुला मळमळतं.”

गावात भजनी मंडळ वाट पाहत होतं. मंडळात ओळ टाकायचे ते माझे चुलते. त्यांनी देवळातच विचारलं, “काय रं, वळकटी घिऊन आलास? गाणं संपलं व्हय?”

“बाई पुढं बसूच देत नाहीत,” मी म्हणालो.

“आपल्या पोराला कोन पुढं बसवतंय राव! आमी हाय की. बस मधी.”

माझ्या त्या एका वाक्यानं गावानं मला पोटाशी धरलं, आणि बाई वाईट ठरल्या.

काही वर्षांनी बाई शिष्यांना घेऊन लेण्याद्रीला आल्या आणि वाट वाकडी करून आमच्या देवळात आल्या. चुलत्यांनी चहा पुढे केला आणि टोमणाही. “बाई, आमचा गडी तुमी सात वर्सं मागंच बसवला. लई न्हाय झालं का?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा गोळा करू लागलो.

“हो,” त्या चुलत्यांना म्हणाल्या, “त्याला मी नीट पुढे आणायला हवं होतं. राहिलं खरं.”

मग त्या टाळकऱ्यांत जाऊन बसल्या आणि चुलत्यांनी टाकलेली प्रत्येक ओळ त्यांनी मागून उचलली. एवढी मोठी गाणारी बाई, पण एकदाही आवाज चुलत्यांच्या वर गेला नाही. इतकी सुंदर साथ मी पुन्हा ऐकलेली नाही.

मुंबईच्या बाईला चूक कबूल करायला लावली, असं चुलते मरेपर्यंत सांगत होते. उत्सवाला बाईंना बोलवायचं एकदा निघालं, तेव्हा चुलत्यांनीच मोडता घातला. मी तिथंच बसलो होतो. आता बाईही नाहीत.

यंदा मंडळ माझा सत्कार करणार आहे. सेक्रेटरी भाषण वाचून दाखवायला आला. पहिलंच वाक्य: गुरूनं डावललं, तरी यांनी गाणं सोडलं नाही.

“हे काढ,” मी म्हणालो. “बाईंनी पुढं बसवलं होतं. मीच पळून आलो, असं म्हण.”

“आबा, माईकवर?”

“माईकवरच.”

“मंग सत्कार कशाचा करायचा?”

शाल नको, असं मी कळवलं आहे. बाईंचं नाव मात्र सगळ्यांसमोर नीट घ्यायचं सेक्रेटरीनं मान्य केलंय. तो विसरला, तर मी उठून सांगेन.