टोपी काढायचा तास

मी आज जो काही आहे तो जिजीमुळे. जिजी म्हणजे माझी मोठी बहीण, सिंधू. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ती सोळाची. दहावीचा फॉर्म भरलेला होता, पण ती परीक्षेला बसली नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न गावातच झालं आणि ती मला सोबत घेऊनच सासरी गेली. दाजी अजूनही पाहुण्यांना सांगतात, लोकांना हुंड्यात सायकल मिळते, मला साला मिळाला. याच दाजींनी पुढे मला सायकलवर डबलसीट बसवून तालुक्याच्या कॉलेजात नेलं. आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिला.

मी नोकरीसाठी निघालो आणि दोंडाईचा स्टेशनवर सुरतची पॅसेंजर आली तेव्हा जिजीनं माझ्या पिशवीत कळण्याच्या भाकरी आणि ठेचा कोंबला होता. रडायचं नाही असं तिचं ठरलेलं असावं. ती फक्त एवढंच म्हणाली, "जपीसन ऱ्हाय. डोकामा तेल घालत जाय." मग खिडकीतून हात आत घालून तिनं माझ्या टाळूवर तळवा दाबला आणि गाडी हलेपर्यंत तसाच ठेवला.

त्या हाताबद्दल सांगायला हवं. आमच्या गल्लीत कुणाकडे बाळ जन्मलं की सव्वा महिना जिजीनं न्हाऊ घालायचं, हा ठरलेलाच रिवाज. पाय लांब करून ती बसते, बाळ पायांवर घेते, कोमट तेलाचा हात डोक्यावरून फिरवते. आमच्याकडच्या कितीतरी पोरांची डोकी तिच्या तळव्याखालून गेली आहेत. लग्नाच्या पंगतीत एखादा नवरदेव दिसला की ती हळूच सांगते, हा माझ्या पायांवर खूप मुतलाय.

तुम्हा गावाकडच्या वाचकांपैकी जे इकडे सुरतेत आले त्यांना पांडेसऱ्याचा गिरण्यांचा भाग नव्यानं सांगायला नको. मी तिथं एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये आहे. पार्टीनं, म्हणजे गिऱ्हाइकानं, पाठवलेला कापडाचा तुकडा आणि आमचा रंग जुळतो का, ते दिव्याखाली धरून पाहायचं. चिमूटभर फरक असला तरी माझ्या डोळ्याला कळतो, असं शेठ चारचौघांत सांगतात. जवळच भेस्तानला आमची दीड खोली आहे. घरात मी अहिराणी बोलतो, मिलमध्ये हिंदी, भाजीवाल्याशी गुजराती, आणि आता हे तुम्हाला पुस्तकी मराठीत लिहितो आहे. कोणती भाषा कुठे ठेवली, हे कधीकधी शोधावं लागतं.

दिवाळीनंतर आमची स्वरा जन्मली आणि जिजी आली. आपलं गाव सोडून ती पहिल्यांदाच इतके दिवस राहिली. मोरीसमोरच्या चिंचोळ्या जागेत पाय लांब होत नव्हते, म्हणून दार उघडं ठेवून पावलं पॅसेजमध्ये काढायची. शेजारच्या गुजराती बायका बघायला उभ्या राहत. सव्वा महिन्यात त्या तिला "मासी" म्हणू लागल्या होत्या. मी मिलमधून आलो की खोलीत तेलाचा, शेक-धुरीचा वास असे आणि मला क्षणभर गावी आल्यासारखं वाटे.

जायच्या दोन दिवस आधी ती मला म्हणाली, "भाऊ, पोरनी मान डावीकडे वळत नही. वळावली का रडस. डॉक्टरले दखाड."

मी हसलो. म्हणालो, जिजी, एवढंसं बाळ आहे, मान धरायला वेळ लागतो. तिनं पुन्हा सांगितलं नाही. शिकलेल्या भावापुढे ती वाद घालत नाही. उधना स्टेशनवर गाडीत बसताना मात्र माझी बायको सुवर्णा हिला बजावून गेली, पोरीला एकाच कुशीवर निजवू नका.

आम्ही एकाच कुशीवर निजवलं. मुद्दाम नाही. झोळीचा हूक एकाच जागी बसत होता, उजेड उजवीकडून येत होता, आणि स्वरा आपोआप उजवीकडेच तोंड करायची. शांत झोपते, म्हणून आम्ही खूश. तिसरा महिना संपताना सुवर्णानं तिला न्हाऊ घालताना वरून पाहिलं आणि मला हाक मारली. डोकं मागून उजव्या बाजूला बसकं झालं होतं. उजवा कान डाव्यापेक्षा पुढे आला होता. चिमूटभर रंगाचा फरक पाहणारा मी, तीन महिने हे पाहत नव्हतो.

डॉक्टर बाईंनी मान तपासली आणि डाव्या बाजूचा स्नायू आखडलेला असल्याचं सांगितलं. म्हणून ती एकाच अंगाला पाहते, म्हणून डोकं दबलं. मेंदूला काही नाही, घाबरू नका. मग त्यांनी विचारलं, हे आधी कुणाच्या लक्षात नाही आलं का? सुवर्णानं माझ्याकडे पाहिलं. मी स्वराची दुपटी गोळा करू लागलो.

दीड महिना मानेचे व्यायाम केले, जागेपणी पोटावर निजवलं. मान सुटू लागली, पण डोकं म्हणावं तसं भरेना. तेव्हा मोजमाप घेऊन टोपी बनवली. टोपी कसली, हेल्मेटच. आतून मऊ, बाहेरून कडक, बसक्या बाजूला जागा सोडलेली, म्हणजे वाढणारं डोकं तिकडे भरत जावं. दिवसाचे तेवीस तास घालायची. एक तास काढायची, आंघोळीपुरती. डोक्याला तेल बंद.

सुरतच्या उन्हाळ्यात त्या टोपीत पोर घामानं भिजायची. रस्त्यात लोक थांबून पाहायचे. एकदा एक रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "आ नानी बेन हेल्मेटनो कायदो पाळे छे, आपणे नथी पाळता." सुवर्णा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

जिजीला आम्ही कळवलं नाही. टोपी काढायचा तास संध्याकाळी असे, त्याच तासात तिला व्हिडिओ कॉल करायचो. ती विचारायची, केस असे कोरडे का दिसतात, तेल लावता ना? मी हो म्हणायचो.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, आमच्या मजल्यावरच्या कल्पनाताई माहेरी, म्हणजे आमच्याच गावी गेल्या आणि गल्लीत सांगून बसल्या की सिंधूच्या भाचीचं डोकं वाकडं झालंय, प्लास्टिकची टोपी घातलीय. त्या संध्याकाळी जिजीचा कॉल आला. चेहरा दिसत नव्हता, छताचा पंखा दिसत होता. तिनं एवढंच विचारलं, "मना हातना दोष शे का रे, भाऊ?"

मी म्हणालो, तसं काही नाही गं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, ते तोंडातून निघालं नाही. आठवड्यानं दाजींचा फोन आला. गल्लीत नवं बाळ आलं होतं, बोलावणं आलं होतं आणि जिजी गेली नव्हती. ज्या हातानं घरचं डोकं बिघडलं तो दुसऱ्याच्या लेकराला कसा लावू, म्हणाली. तेलाची वाटी घासून फडताळात वर ठेवून दिली होती.

मग मी पत्र लिहिलं. फोनवर मी पुन्हा "तसं काही नाही" म्हणालो असतो. ते पत्र इथं देतो, कारण तुमच्यापैकी कुणीतरी आपल्या शिक्षणाच्या भरात कुणाचं तरी असंच ऐकलं नसेल.

ती. जिजीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या हाताचा दोष नाही. दोष माझा आहे. स्वराच्या मानेतला स्नायू आखडला होता, त्यामुळे ती एकीकडेच बघायची आणि डोकं दबलं. डॉक्टरांना ते तपासून कळलं. तुला ते सव्वा महिन्यातच हातानं कळलं होतं. तू मला दाखव म्हणालीस, मी हसलो. त्याच आठवड्यात नेलं असतं तर कदाचित टोपी लागली नसती. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, तुलाही सांगितलं नाही. तेलाबद्दलही खोटं बोललो.

हे पत्र दाजींना मोठ्यानं वाचून दाखव. गल्लीतही दाखव. आणि वाटी खाली काढ. त्या बाळाचा सव्वा महिना अजून सरलेला नाही.

डोकं आता भरत चाललंय. टोपी अजून दोन महिने आहे. संध्याकाळी एक तास ती काढतो. पोर डोकं इकडंतिकडं घासते, काहीतरी शोधल्यासारखं करते. मी हात ठेवून पाहतो, तिला तो पुरत नाही. मलाही अजून दोंडाईच्याच्या गाडीतला तुझा हात आठवतो. इतकी वर्षं इथं राहून घर कुठं, असं कुणी विचारलं तर मी भेस्तान सांगतो, पण मनात टाळूवर तोच तळवा येतो.

तिकडचं बाळ न्हाऊमाखू झालं की ये. तेल नको, अजून मनाई आहे. नुसता हात ठेव.

तुझा,
भाऊ