मेलेल्याच्या घरी कोण गेलं?

पडद्यावर प्रेत सापडलं की जमादार उजवा हात वर करायचे. चौकात गाडी अडवावी तसा, पंजा सरळ. खोलीत दाटीवाटीनं बसलेली आम्ही सगळी गप्प व्हायचो.

"थांबा," ते म्हणायचे. "आता बघा, मेलेल्याच्या घरी कोण जातंय का."

कोणी जायचं नाही. गुप्तहेर खिडकीबाहेर बघत विचार करायचा आणि पुढच्याच दृश्यात कुठल्याशा बंगल्यात चहा पीत संशयिताला प्रश्न विचारायचा. जमादार हात खाली घ्यायचे.

"न्हाई गेलं. आजबी न्हाई गेलं."

टीव्हीपुढे बसून बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोणी खलनायकाला शिव्या देतं, कोणी नायिकेला सावध करतं. पण मेलेल्या माणसाच्या घरच्यांची चिंता करणारा प्रेक्षक मी तेवढा एकच पाहिला.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. ऑफिसं भाड्याच्या घरांत थाटलेली, पाट्यांचा रंग अजून ताजा. माझ्या नवऱ्याची नेमणूक अशाच एका ऑफिसात झाली आणि मी नांदेडहून लग्न होऊन थेट त्या गल्लीत आले. समोरचं घर जमादारांचं. ते पोलिसात होते; उस्मानाबादहून नव्या जिल्ह्यात आले आणि इथंच रिटायर झाले. बायको आधीच वारलेली. घरात मुलगा मिलिंद, सून सुमन आणि ते. फंडाच्या पैशातून त्यांनी टीव्ही आणला, गल्लीतला पहिला. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याच्याखाली टीव्ही, आणि रविवारी सकाळी त्याच्यापुढे अख्खी गल्ली.

मालिका हिंदी होती, पण मराठी रहस्यकादंबऱ्यांवरून केलेली. जमादारांनी त्या सगळ्या वाचलेल्या. रात्रपाळीला चौकीत बसून, वाचनालयातून आणून. त्यामुळे खुनी कोण हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असायचं. पण ते कधी सांगायचे नाहीत. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानवाल्या काकू दर वेळी नोकरावर संशय घ्यायच्या.

"जमादार, त्यो गडीच हाय का नाही? एवढं तरी सांगा."

"काकू, खुनी कुठं पळून चाललाय? सापडतोय की त्यो. तुम्ही मेलेल्याचं बघा. त्याची माय जिती हाय का, तिला कुणी सांगितलं, हे इचारा."

"अवं, ते कशाला इचारायचं? गोष्टीत नाहीच ते."

"पुस्तकात हाय," जमादार म्हणायचे. "समदं हाय. यांनी गाळलंय."

माझा नवरा म्हणायचा, मालिकेला वेळ कमी, गाळावंच लागतं. काकूंचं मत, गाळलं ते बरंच केलं, रविवारी सकाळी रडारड कशाला. मला गुप्तहेराचं काम करणारा नटच आवडायचा, हे मी कोणाला सांगत नव्हते. मिलिंद घरी असला तर बापाच्या पाठीमागे उभा राहून बापासारखाच हात वर करायचा, आणि सुमन पदर तोंडाला लावून हसायची.

या काकू सुरुवातीला उंबऱ्यावर बसून मालिका बघायच्या. येताना आपला तांब्या बरोबर आणायच्या. गोळी घ्यायची असते म्हणायच्या. गोळी घेताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. जमादारांनी बहुतेक पाहूनही न पाहिल्यासारखं केलं असावं. पुढे पुढे खुनाचा गुंता वाढत गेला तशा काकू आत सरकत गेल्या.

एकदा मी जमादारांना विचारलं, "काका, तुम्हाला याच गोष्टीचं एवढं का?"

सुमनने चहा आणून दिला होता. ते बशीत ओतत म्हणाले, "ताई, माझी सगळी नोकरी त्यातच गेली. चोर पकडायला दुसरे. मला एकच काम. कुठं कुणी विहिरीत सापडलं, गाडीखाली गेलं, की साहेब म्हणायचे, जमादारला धाडा. खबर द्यायला."

"तुम्हालाच का?"

"पहिल्यांदा धाडलं ते मी नवा होतो म्हणून. मग सवय झाली त्यांना." त्यांनी बशीतला चहा संपवला. "रस्त्यात सांगायचं न्हाई. माणूस रस्त्यात पडलं तर जग बघतं. घरात जायचं, टोपी काढायची, पाणी मागायचं. पाणी येईस्तोवर घरात कोण कोण हाय ते ध्यानात येतं. म्हातारं असंल तर त्याला आधी बसवायचं. अन् गंभीर हाय म्हणायचं न्हाई. गेला तर गेला म्हणायचं. न्हाईतर माणूस वाटभर आशा धरून येतं अन् दवाखान्याच्या दारात मोडतं."

त्यांच्या आवडत्या लेखकाने प्रत्येक कादंबरीत तो प्रसंग लिहिला होता म्हणे. गुप्तहेर स्वतः मयताच्या घरी जायचा, कधी नुसता बसून यायचा. "त्या लेखकाच्या घरी कुणीतरी असंच आलं असंल," जमादार म्हणायचे. "बिगर बघता असं लिहिता येत न्हाई."

त्या काळी प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवणारा एक कार्यक्रम लागायचा. जमादारांनी ठरवलं, पत्र लिहायचं. कच्चा मजकूर करून ते माझ्याकडे आले. सुरुवात अशी होती: "सदर मालिकेतील सदर गुप्तहेर इसम हा मयताचे नातेवाईकांस समक्ष भेटून खबर देत नाही, तरी..."

"काका, हा पंचनामा झाला."

"मग तुम्ही शुद्ध करा. पण अर्थ हलू देऊ नका."

मी सदर आणि इसम काढले, मालिका आम्हाला फार आवडते असं एक वाक्य सुरुवातीला घातलं, आणि बाकी त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत हिंदीत उतरवलं. पुढे कधीतरी ते पत्र खरंच वाचलं गेलं. निवेदिका हसून म्हणाली, महाराष्ट्रातल्या लातूरहून एक प्रेक्षक लिहितात की मालिका त्यांना फार आवडते. आणि तिने पुढचं पत्र घेतलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. काकूंनी दुकानातून साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली. जमादारांनी ती हातावर घेतली आणि तशीच धरून बसले.

"जे लिहिलं ते वाचलंच न्हाई की, ताई."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. नळाला पाणी येणं बंद झालं होतं. कोपऱ्यावरच्या बोअरवर पहाटेपासून घागरींची रांग लागायची, आणि खेड्यांत तर बोअरही आटले होते. मिलिंद पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. चाकूरकडच्या गावांना खेपा करायचा. पहाटे जायचा, परत यायचा ते धुळीनं भुवया पांढऱ्या झालेला. सुमन त्याला अंगणात उभा करून आधी फडक्यानं झाडायची, मगच आत घ्यायची. लोक टँकरमागे कसे पळतात, म्हाताऱ्या बाया त्याला कसे आशीर्वाद देतात, हे तो जेवताना सांगायचा आणि जमादार ऐकत बसायचे. एकदा मला म्हणाले, "मी नोकरीभर लोकांच्या दारात गेलो तर लोक भेले. पोरगं जातंय तर लोक हसून राहिलेत. बरं झालं."

त्या रविवारी मालिका नुकतीच सुरू झाली होती. सुमन बोअरवर गेली होती. मी दाराशी बसले होते, म्हणून मला गल्लीच्या तोंडाशी थांबलेली पोलिसांची जीप आधी दिसली. एक तरुण शिपाई उतरून चालत आला. जमादारांच्या हाताखाली शिकलेला, पुष्कळदा घरी येऊन गेलेला. तो दारात उभा राहिला आणि आत एवढी माणसं बघून घुटमळला.

"काका, जरा भाईर येता का?"

जमादारांनी त्याच्याकडे पाहिलं. टोपी त्याच्या हातात होती. ती त्याने केव्हा काढली कोण जाणे.

"ताई," ते मला म्हणाले, "टीव्ही बंद करा."

मी उठून बंद केला.

"आत ये. बस."

तो बसला नाही. "काका, मिलिंदला लागलंय. चाकूरच्या पुढं, पुलावर टँकर... गंभीर हाय, काका."

"गंभीर म्हणू नको," जमादार अगदी हळू म्हणाले. "काय हाय ते सांग."

शिपायाचं तोंड वाकडं झालं. "गेला, काका."

काकूंच्या तोंडून हुंदका फुटला. जमादारांनी हात वर केला, आणि त्या पदराचा बोळा तोंडात धरून गप्प राहिल्या. मग ते उठले. शिपाई रडत होता, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला त्यांनी खाली बसवलं. माठातलं पाणी स्वतः आणून दिलं.

"पी. तुझी चूक न्हाई." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "पोरीला कुणी काही बोलू नका. मी सांगतो. ताई, तुम्ही चला माझ्यासंगं."

बोअरवर सुमनचा नंबर जवळ आला होता. सासऱ्याला बघून ती हसली.

"मामा, तुम्ही कामून आलाव? सिनेमा संपला का?"

"न्हाई. म्हटलं घागर जड हाय, घेऊन यावं."

तिची घागर भरेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. हापशाचा दांडा मारणाऱ्या बाईला हळू मार म्हणाले. मग भरलेली घागर त्यांनी खांद्यावर घेतली. सुमन "द्या मामा, लोक काय म्हणतील," असं म्हणत त्यांच्या मागून चालत होती. मी तिच्या मागे. त्यांचा सदरा एका बाजूनं भिजत चालला होता. इतक्या टंचाईत पाणी सांडत होतं आणि सुमन सांगत होती, "मामा, हळू, सांडून राहिलंय." त्या गल्लीची लांबी मला आजही आठवते.

घरातली माणसं तोवर उठून बाहेर गेली होती. जमादारांनी घागर उतरवली, सुमनला भिंतीला टेकून बसवलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिचे दोन्ही हात धरले.

"सुमन. माय. आपला मिलिंद गेला."

पुढचं मी सांगणार नाही. तुम्हाला ठाऊक असेल तेच ते आहे.

चौथ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर काकू जमादारांच्या स्वयंपाकघरात चूल पेटवून भाकरी थापत होत्या. सुमन चार दिवस अन्नाला शिवली नव्हती. काकू तिच्यासमोर बसल्या, तिच्याच ताटात जेवल्या, तिच्याच माठातलं पाणी प्यायल्या. "तू खाल्लीस तर मी खाईन, नाही तर दोघी उपाशी," म्हणाल्या. तेव्हा तिने घास घेतला.

टीव्ही पुन्हा लागला तो बऱ्याच महिन्यांनी, तोही पोरांच्या हट्टापायी. ती मालिका तोवर संपली होती. जमादार बाहेर बाजेवर बसून असायचे. मत विचारलं तर म्हणायचे, "बघा तुम्ही. मला आवाज येतोय."

वर्ष उलटल्यावर एक दिवस त्यांनी मला हाक मारली.

"ताई, तुमचा भाऊ नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात नोकरीला हाय ना? तिथं कुणी चांगला पोरगा बघा. आमच्या समाजातला. एकदा लग्न झालेला असला तरी चालंल."

"कोणासाठी, काका?"

"माझ्या लेकीसाठी."

मला कळायला वेळ लागला. सुमन आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि पहिल्यांदाच सासऱ्यावर ओरडली. "मी जड झाले का तुम्हाला? मी गेल्यावर तुम्हाला कोण बघंल?"

"मी सरकारी माणूस. मला पेन्शन बघंल."

"पेन्शन भाकरी थापती का?"

"न्हाई थापत," ते म्हणाले. "पण मी आज हाय, उद्या न्हाई. मग तुला कोण बघंल, ते सांग. सांगितलंस तर सोडतो इषय."

ती दोन महिने हो म्हणाली नाही. नातेवाईक कुरकुरले. पोराची आठवण घरातून घालवतो म्हणाले. जमादारांनी कोणाशी वाद घातला नाही. माझ्या भावाच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एक शांत, विधुर माणूस होता. तो दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला तो मिलिंदच्या फोटोपुढे जाऊन हात जोडून उभा राहिला. त्यानंतर सुमन हो म्हणाली.

विहारात साधं लग्न झालं. जमादार पांढरे कपडे घालून मुलीकडच्या बाजूला उभे होते.

त्यानंतर दोन हिवाळे ते एकटे राहिले. सुमन सणावाराला यायची, राहायची, डबे भरून ठेवायची. तिसऱ्या हिवाळ्यात झोपेतच गेले. आमची तोवर बदली झाली होती. नंतर एकदा गल्लीत गेले तेव्हा त्या घरात दुसरंच बिऱ्हाड होतं. दाराला निळा रंग दिलेला, आणि आतून कोणा लहान मुलाच्या पाढे म्हणण्याचा आवाज येत होता.

पण मला ते आठवतात ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचे. सुमन नवऱ्याबरोबर नांदेडला निघाली होती. मी आणि माझा नवरा जमादारांबरोबर तिला एसटी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. जमादार गाडीत चढले, तिची पेटी सीटखाली सारली, तिला खिडकीशी बसवलं आणि शेजारी स्वतः बसले. जावई शहाणा. तो मागच्या सीटवर जाऊन बसला. कंडक्टर दोनदा ओरडला, सोडायला आलेल्यांनी उतरा. जमादार "उतरतो, उतरतो," म्हणाले आणि गाडी सुटली. ते गाडीतच.

आम्ही स्टँडवर वाट बघत थांबलो. बऱ्याच वेळानं नांदेडच्या रस्त्यानं ते चालत येताना दिसले. ऊन तापलं होतं. लग्नाचा पांढरा पायजमा घोट्यापर्यंत धुळीनं भरला होता.

"नाक्यापर्यंत गेलो," ते म्हणाले. "खिडकीतनं हवा लागून राहिली होती तिला, ते बघून उतरलो."

माझा नवरा म्हणाला, "काका, रिक्षा करू या."

"नको," जमादार म्हणाले. "हळूहळू चालू. घरी जाऊन तरी काय करायचं हाय?"