पुरे म्हणणारं नाक

बर्टी गास्कार्थ नाकावर माशी बसू देत नसत, आणि त्याच नाकावर इंग्लंडातल्या केंडल गावची आमची तपकिरीची गिरणी चालत होती. कामाला आम्ही आठच माणसं उरलो होतो. मी डब्या भरायचे.

तंबाखू ओकच्या लाकडी उखळात लोखंडी मुसळांनी कुटली जाई. ते कुणालाही शिकता येई. पण सुगंधी तेलं घालायची खोली आतून बंद असे. तिथे पिढीला एकच माणूस जाणार, हा शिरस्ता; आमच्या वेळी ते गास्कार्थ. आम्हाला वाटे, आत मापं लिहिलेली असतील.

एका हिवाळ्यात तापाची साथ आली. महिन्याभराने गास्कार्थ कामावर परतले. चहाच्या सुट्टीत त्यांनी अख्खा कप संपवला. मी माझा तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"अहो मिस्टर गास्कार्थ, दूध नासलंय!"

त्यांनी रिकामा कप नाकाशी नेऊन पाहिला. मग हळूच म्हणाले, "ऑड्री, मालकांना सांगू नकोस."

"पण मापं आहेत ना?"

"कसली मापं? ओतत जायचं, नाकाने पुरे म्हटलं की थांबायचं. मलाही तसंच शिकवलंय."

"मग आता पुरे कोण म्हणतं?"

त्यांनी उठून मला त्या खोलीत नेलं. नुकतीच कालवलेली तपकीर पुढे केली. "सांग. बरोबर आहे?"

तीस वर्षं तो वास माझ्या केसांत होता. हा तो नव्हता. गुलाब फार झाला होता, पार साबणासारखा. पण ते माझ्या तोंडाकडे आशेने बघत होते, आणि मला खरं सांगवेना.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"नक्की? नाहीतर आयझॅक सोडायचा नाही. शिव्या लिहून पाठवेल लेकाचा."

आयझॅक पॉर्टहाउस व्हाइटहेवनचा म्हातारा खाणकामगार. कोळशाच्या खाणीत काडी पेटवायला बंदी, म्हणून त्याने आयुष्यभर आमची तपकीर ओढली. खाण बंद पडली तरी दरमहा सहा डब्या मागवी, सोबत एखादी खवचट चिठ्ठी. बाकी जुनी गिऱ्हाइकं मातीत गेली होती.

दोन वर्षं गास्कार्थ अंदाजाने ओतत राहिले. टपाल आलं की विचारायचे, "आयझॅक काय म्हणतो?" मागणी यायची, चिठ्ठी नसायची. "बघ, खूश आहे!" लाज वाटते सांगायला, पण मीसुद्धा निर्धास्त झाले.

मार्चमध्ये गास्कार्थ वारले. आमच्या रिवाजाप्रमाणे अंत्यविधीला मी चर्चच्या दारात तपकिरीची ताटली घेऊन उभी राहिले. येईल त्याने चिमूट घ्यायची. आयझॅक काठी टेकत आला. चिमूट घेऊन थबकला.

"हीच साबणाची घाण. दोन वर्षं मला वाटत होतं माझं नाक गेलं. म्हणून लिहिलं नाही. म्हटलं, आपल्या म्हातारपणाचं खापर बर्टीच्या डोक्यावर कशाला?" त्याने खिशातून एक जुनी डबी काढली. "गेल्या आठवड्यात ही कोटात सापडली. हुंगली, तर तोच जुना वास, म्हणजे नाक शाबूत! बर्टीला फैलावर घ्यायला निघणार, तोच ही बातमी."

मी ताटली खाली ठेवली.

"त्याला सांगणारं एकही धड नाक नव्हतं का गं तिथे?"

"होतं," मी म्हटलं. "माझं."

आयझॅकने माझ्याकडे नीट बघितलं. मग डबी खिशात घातली आणि आत जाऊन बसला.