पहिल्या रविवारी बाकावर

लोंढे सरांवर लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगतो आणि त्याबद्दल माफी मागतो. मी त्यांच्या नात्यातला नाही. ज्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, तिथं मी शिकलो नाही. ज्या चर्चमध्ये ते दर रविवारी बसत, त्या चर्चचा मी सभासदही नाही. माझा बाप्तिस्मा झालेला नाही, आणि सरांनी मला तसं कधी सुचवलंही नाही. ज्यांनी लिहायला हवं अशी पुष्कळ माणसं नागपुरात आहेत. पण सरांना जाऊन महिना उलटून गेला, मी दर रविवारी पुरवणी उघडून पाहतो आणि कुणी काही लिहिलेलं नसतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. असा लेख कसा लिहितात ते मला नीट माहीत नाही. जसं आठवेल तसं लिहितो…

बी.ए.साठी नागपूरला आलो तेव्हा आम्ही चौघं एका खोलीत राहायचो आणि चौघांनाही वेगवेगळ्या वेळी झोप यायची. अभ्यासाला जागा नव्हती. जवळच एका चर्चच्या आवारात छोटी अभ्यासिका होती, तिथं कुणालाही बसता यायचं. फक्त रविवारी सकाळी तिथं लहान मुलांची संडे स्कूल भरायची. अशाच एका रविवारी मी पुस्तकं घेऊन आवारातल्या झाडाखाली उभा होतो, तर एक बाई म्हणाल्या, “उन्हात काहून उभा आहे? आत बस ना, आत पंखे आहेत.” मी पंख्यासाठी आत गेलो, हे खरं आहे. शेवटच्या बाकावर बसलो. पुढे पेटी वाजत होती, आमच्या गावच्या भजनात वाजते तशीच, आणि त्यामुळे मला परकं वाटलं नाही. पण नंतर सगळे उठले. त्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता, प्रभुभोजनाचा. एकेक बाक रिकामं होऊ लागलं, माणसं पुढे जाऊन गुडघे टेकत, पाळक त्यांच्या हातावर भाकरीचा लहानसा तुकडा ठेवत आणि द्राक्षारस देत. माझ्या बाकावरची माणसंही उठली. बाकाच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पांढरा शर्ट, सायकल चालवणाऱ्या माणसासारखी पँटच्या पायाला क्लिप लावलेली. त्यांनी गुडघे एका बाजूला वळवून पाय आखडून घेतले, सगळ्यांना वाट दिली, आणि स्वतः बसून राहिले. भरलेल्या चर्चमध्ये बाकांवर आम्ही दोघंच उरलो.

मला फार बरं वाटलं. वाटलं, हेही माझ्यासारखे बाहेरचे दिसतात. उपासना संपल्यावर मी त्यांना तसं विचारलंसुद्धा. ते हसले. “मी? माझा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झालाय बाबा. खूप रडलो होतो म्हणतात.” मग पुढे ते का गेले नाहीत, हे विचारायचा धीर मला झाला नाही. ते म्हणाले, “चहा घेतोस?”

तेव्हापासून रविवारचा चहा त्यांच्या घरी. त्यांच्या पत्नी कितीतरी वर्षांपूर्वी गेलेल्या, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, भिंतीवर जगाचा जुना नकाशा, आणि एकच माणूस. ते खिचडी करत, मी कांदा चिरत असे. फार बोलणं होत नसे. मला वर्गात इंग्रजी कळत नाही, कँटीनमध्ये कुणाशी काय बोलावं ते सुचत नाही, हे मी त्यांच्याजवळ बोललो होतो. ते म्हणाले, “मला सत्तर वर्षं झाली, अजून सुचत नाही.” एवढंच. पण त्या दिवशी मी खोलीवर गेलो तेव्हा हलकं वाटत होतं.

त्याच वर्षी हंगामाचा सण आला. या सणाला लोक शेतातलं, परसातलं, नाहीतर बाजारातून आणलेलं काहीतरी वेदीसमोर ठेवतात, आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. पैसे चर्चला जातात. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आदल्या दिवशी नरखेडजवळच्या आमच्या गावाहून एसटीनं आलो होतो, आणि आईनं सरांसाठी पिशवीभर संत्री दिली होती. सरांनी पिशवी घेतली, वास घेतला, आणि सरळ जाऊन वेदीसमोर भोपळ्याच्या शेजारी ठेवून दिली. मला वाईट वाटलं. पुढे लिलाव सुरू झाला. मोजेसभाऊ म्हणून एक गृहस्थ खुर्चीवर चढून ओरडत होते, “हा भोपळा नाही, आशीर्वाद हाये! बोला!” मागून कुणीतरी म्हणालं, “आशीर्वादाले कीड लागली हाये भाऊ!” सगळे हसले. एक कोंबडी प्रार्थना चालू असतानाही ओरडत होती, ती सगळ्यात महाग गेली. मग माझी संत्री आली आणि पहिली बोली सरांचीच. मला राहवलं नाही. मी सगळ्यांदेखत म्हणालो, “सर, ती तुमचीच आहेत ना!” एवढा हशा पिकला की मोजेसभाऊंना खुर्ची धरावी लागली. सर म्हणाले, “आता माझी नाहीत, गा. आता मला ती घ्यावी लागतील.” आणि त्यांनी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मित्राची स्कूटर आणायला सांगितलं. आम्ही नागपुरातल्याच जरीपटका भागात गेलो. एका घरासमोर सर उतरले आणि पिशवी घेऊन फाटकाशी उभे राहिले. फाटक उघडलं नाही, वाजवलंही नाही. व्हरांड्यात एक गृहस्थ पेपर वाचत होते. पेपर खाली झाला नाही. पेपरामागून आवाज आला, घरातल्या कुणाला तरी उद्देशून, “त्यांले सांगा, आमच्या घरी संत्री हायेत.” एक बाई बाहेर आल्या, पिशवी घेऊन आत गेल्या. सर आणखी थोडा वेळ उभे राहिले. पेपराचं पान उलटलं गेलं. मग आम्ही परत आलो.

वाटेत टपरीवर सरांनी सांगितलं. ते गृहस्थ म्हणजे शांतवन साळवे, त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. दोघं एकाच बाकावर बसत. साळव्यांच्या मुलीनं, नीतानं, चर्चबाहेरच्या मुलाशी लग्न केलं. चर्चचा कारभार पाहणाऱ्या तेव्हाच्या पंचांनी तिचं नाव मंडळीतून कमी करायचं ठरवलं. (चर्चच्या सगळ्या माणसांना मिळून ते मंडळी म्हणतात.) सर तेव्हा सेक्रेटरी होते आणि रविवारच्या सूचना वाचायचं काम त्यांचं. संडे स्कूलच्या सहलीची सूचना झाली, त्यानंतर त्यांनी नीताच्या नावाची सूचना वाचली. नीताला संडे स्कूलमध्ये त्यांनीच शिकवलं होतं. वाचून ते आपल्या जागेवर आले, तर बाकावर कुणी नव्हतं. साळवे बायकोला घेऊन निघून गेले होते. ते पुन्हा या चर्चमध्ये आले नाहीत. जरीपटक्याजवळच्या दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागले.

“काहून वाचलं सर तुम्ही?” मी विचारलं. बोलण्याच्या भरात माझी गावाकडची भाषा आली.

“तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं, हेच तर आहे ना.” सरांनी चहाचा कप फिरवला. “मंडळी शुद्ध राहावी असं वाटायचं. आवाजही चांगला लागला होता त्या दिवशी…”

भाकर न घेण्याचं कारणही तेव्हाच कळलं. शास्त्रात, म्हणजे बायबलात, सांगितलंय म्हणाले, तू दान घेऊन वेदीशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे हे तुला आठवलं, तर दान तिथंच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. “मी जातो. दर वर्षी जातो. पण त्याचा पेपर खाली होत नाही, तोवर मी त्या भाकरीला हात कसा लावू?” मी म्हटलं, मी जाऊन बोलू का त्यांच्याशी? ते म्हणाले, “नाही. तू जा असं लिहिलंय, माणूस पाठव असं नाही लिहिलं.”

चर्चमधल्या लोकांना याची सवय झाली होती. काही चिडतही. एकदा माझ्यासमोरच एक बाई म्हणाल्या, “लोंढे सरांना आमच्यापेक्षा जास्त पवित्र व्हायचंय. आम्ही काय भांडण-तंटे मिटवून जातो का पुढं? जातो आपले.” पाळकसाहेब भले गृहस्थ. ते म्हणत, “सर, देवानं क्षमा केली तुम्हाला. या पुढं.” सर म्हणत, “देवाशी माझं मिटलंय हो. साळव्याशी राहिलंय.”

मला कधी कधी राग यायचा. ज्या मंडळीनं त्यांच्याकडून ते वाचून घेतलं, त्याच मंडळीत दर रविवारी येऊन बसायचं कशासाठी? मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मंडळी म्हणजे एक शरीर आहे असं लहानपणापासून ऐकलंय. शरीर दुखतं म्हणून कोणी त्यातून उठून जातं का?” मग म्हणाले, “साळव्या गेला. पण तो गेला नाही, आम्ही काढलं त्याला.” आणि खरं सांगायचं तर हीच मंडळी मला पंख्याखाली बस म्हणाली होती. माझी गावची माणसं तेवढं म्हणत नव्हती. आई फोनवर विचारायची, “काहून जातं तू तिथं? खायले देतेत का काही?”

नंतरच्या पंचांनी तो जुना ठराव फिरवला होता, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. नीताचं नाव परत घेतलं होतं. पण बैठकीत घेतलं, चर्चमध्ये कुणी वाचलं नाही. जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या, असं सगळ्यांचं म्हणणं. सर याबद्दल एकदाच माझ्याजवळ बोलले. “काढलं तेव्हा मोठ्यानं, घेतलं तेव्हा हळूच,” असं म्हणाले आणि खिचडी ढवळत राहिले.

त्या वर्षीच्या हंगामाच्या सणाला मी पुन्हा संत्री आणली होती. आता मला माहीत होतं, म्हणून मीच नेऊन वेदीसमोर ठेवली. उपासनेच्या शेवटी नव्या सेक्रेटरींनी सूचना वाचल्या, लिलाव कुठं, जेवण कुठं. लोक उठायच्या बेतात होते. सर बाकावरून उठले. ते पुढे चालत गेले, वेदीकडे वळले नाहीत, सूचना वाचायच्या जागी जाऊन उभे राहिले. “एक सूचना राहिली आहे,” ते म्हणाले. आवाज मोठा होता. “नीता शांतवन साळवे हिचं नाव या मंडळीत आहे. ते काढल्याचं मी इथूनच वाचलं होतं. ते चूक होतं. तिचं नाव आहे.” मग ते सावकाश परत येऊन बसले. पुढच्या बाकांवरचे दोघं-तिघं मान खाली घालून बसले. बाहेरून कोंबडीचा आवाज आला. मग मोजेसभाऊ म्हणाले, “चला, भोपळा वाट पाहून राहिला,” आणि लोक सुटल्यासारखे बाहेर पडले. त्या वर्षी सरांनी बोली लावली नाही. त्यांना खोकला झाला होता, ते घरी गेले.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार ही आमची शेवटची भेट. मला खात्री होती, आज ते पुढे जातील. बाक रिकामं झालं. सरांनी पाय आखडले, वाट दिली, आणि बसून राहिले. मी त्यांच्याजवळ सरकलो. “सर, आता तर सांगितलं ना तुम्ही?” ते खोकला आवरत म्हणाले, “मंडळीला सांगितलं. त्याला कुठं कळलंय?” पुढे लोक गुडघे टेकत होते, पेटी हळू वाजत होती. आम्ही दोघं तिकडे पाहत राहिलो.

त्यानंतर परीक्षा झाली आणि मी गावी गेलो. वडिलांचा पाय मोडला होता, म्हणून राहावं लागलं. संत्री उतरवायची होती, विहिरीवरच्या मोटारीचं पाहायचं होतं. सरांना दोनदा फोन लावला, उचलला गेला नाही. त्यांना फोन ऐकू येत नसे, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

एका दुपारी बागेत असताना फोन वाजला. पडद्यावर ‘लोंढे सर’ असं दिसलं. मी टोपली खाली ठेवली आणि म्हणालो, “सर, संत्री काढून राहिलो, पुढच्या हप्त्यात घेऊनच येतो…”

“मी लोंढे नाही,” पलीकडून आवाज आला. “साळवे बोलतो. शांतवन साळवे. तू नरखेडचा पोट्टा ना?”

सरांचा फोन साळव्यांच्या हातात होता. मी बांधावर बसलो. म्हातारं माणूस ते, पहिल्यापासून सांगू लागले. “मले जरीपटक्याच्या बाजारात कळलं गा. भाजी घेऊन राहिलो होतो. एक बाई म्हणे, लोंढे सरांनी तुमच्या नीताचं नाव समद्यांपुढं घेतलं. मी घरी काही बोललो नाही. काही दिवस तसाच राहिलो. मंग गेलो. तर हा दवाखान्यात. मी खाटेजवळ उभा. काय बोलावं? त्यानं मले पाहिलं अन् पाय आखडून घेतले. बाकावर घेत होता ना, तसे. मी मंग तिथंच बसलो, पायथ्याशी.”

मी विचारलं, “घेतली का त्यांनी?” काय घेतली ते मी म्हटलं नाही. त्यांना कळलं.

“घेतली. पाळकसाहेब आले होते भाकर घेऊन. तुकडा त्यानं मोडला, आधी मले देल्ला. म्हणे, तुझ्या हातात पेपर नाही ना आज?” साळवे हसले, किंवा तसा काहीतरी आवाज झाला.

मी ओरडलोच. “आई, सरांनी भाकर खाल्ली!” आई पलीकडच्या झाडाखाली होती. ती म्हणाली, “काहून, उपाशी होते का?” मी हो म्हणालो. मला इतका आनंद झाला होता की मी फोनवर म्हणालो, काका, सरांना द्या ना फोन, मला त्यांच्याशी बोलायचंय.

पलीकडे साळवे कुणाला तरी म्हणाले, “तो नकाशा राहू दे भिंतीवर.” भिंतीवरचा तो नकाशा, दोन खोल्या… ते सरांच्याच घरून बोलत होते, हे मला तेव्हा जाणवलं.

“त्याच्यासाठीच फोन केला, बापू,” साळवे म्हणाले. “लोंढ्या गेला. माती पण झाली. तू नात्यात नव्हता, मंडळीत नव्हता… तुले कळवाचं राहूनच गेलं.”